सोनमची केरसुणी

त्या गुरुवारी स्वप्नालीनं सकाळच्या चहात दोनदा मीठ घातलं. पहिला चहा मोरीत ओतला. दुसरा तसाच प्यायली, कारण तिसऱ्यांदा करून बघायची हिंमत राहिली नव्हती. डोक्यात पहाटेपासून मीठच होतं. संध्याकाळी गच्चीवर मिठाचं रिंगण घालायचं होतं, पौर्णिमेचा चंद्र उगवताना आपल्या पहिल्यावहिल्या शिष्येला त्या रिंगणात घ्यायचं होतं, आणि ते बघायला त्या शिष्येची आई कवठे महांकाळहून एसटीनं निघाली होती. एवढं सगळं एकाच दिवशी आल्यावर साखर कुणाला सुचते!

स्वप्नाली चौतीस वर्षांची. मूळची उंब्रजची, आता कराडात आप्पासोंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची आणि पोरांना केमिस्ट्री शिकवायची. ही झाली उघड मास्तरकी. दुसरी मास्तरकी होती विक्का नावाच्या धर्माची. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेल्या आप्पासोंनी खोली देतानाच विचारलं होतं, "हे विक्का का काय म्हंत्यात, त्यात नक्की करता काय तुमी? सीधी बात सांगायची."

"चंद्र-सूर्य, माती-पाणी ह्यांना देव मानायचं, आप्पा. एक देवी, एक देव. पौर्णिमेला रिंगणात बसून दिवा लावायचा. आणि नियम एकच, कुणाचं वाईट न करता मनाला येईल ते करायचं."

आप्पासोंनी मिशीवरून हात फिरवला. "मग ह्यात नवीन काय हाय?" असं म्हणाले आणि खोलीची किल्ली दिली. अट एवढीच, की गच्चीच्या ज्या कोपऱ्यात त्यांच्या भुईमुगाच्या शेंगा वाळत असतील तिकडं मंत्रबिंत्र म्हणायचे नाहीत.

आता ही विद्या उंब्रजच्या पोरीला मिळाली कुठून? इंटरनेटवरून, दुसरं कुठून! इंग्लंडातल्या हेलनबाई म्हणून एक पासष्टीच्या बाई दर शनिवारी व्हिडिओ कॉलवरून तिला शिकवायच्या. ह्या पंथात पी हळद नि हो गोरी चालत नाही. शिकणाऱ्यानं एक वर्ष आणि वर एक दिवस शिकायचं, मगच त्याला रिंगणात घेतात. आत घेताना रिंगणाच्या दारात झाडू आडवा ठेवतात आणि नव्या माणसानं त्यावरून उडी मारून आत यायचं असतं. जुनं मागं राहिलं, नवं सुरू झालं, अशी त्यातली भावना.

स्वप्नालीनं वर्ष काढलं, वरचा दिवस काढला. सात वर्षांपूर्वी स्टुलावर लॅपटॉप मांडला, बाजारातून आणलेली कोरी केरसुणी फरशीवर आडवी ठेवली, आणि हेलनबाईंनी "ये आत" म्हटल्यावर तिचा पायच उचलेना. लहानपणी चुकून केरसुणीला पाय लागला तर आईनं तिथल्या तिथं पाया पडायला लावलं होतं. दिवाळीला जिची लक्ष्मी म्हणून पूजा करायची, तिच्यावरून टांग टाकून जायचं? तिकडं हेलनबाई हात पसरून बसलेल्या. स्वप्नालीनं कॅमेऱ्याकडं बघितलं. कॅमेऱ्यात ती कमरेपर्यंतच दिसत होती. मग बाईसाहेबांनी वाकून केरसुणी हळूच कॉटखाली सरकवली, सरकवताना तिला नमस्कार केला, आणि मोकळ्या फरशीवर अशी उडी मारली की स्क्रीनवर केस हातभर उडाले. हेलनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. महिन्यानं टपालानं सर्टिफिकेट आलं.

ते सर्टिफिकेट फ्रेममध्ये घालून भिंतीवर लागलं. येणाजाणाऱ्याला ते दिसायचं, पण स्वतः स्वप्नाली त्याच्याकडं सरळ कधी बघत नसे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, आणि हिच्या चांदण्याची तर दर महिन्याला पौर्णिमा व्हायची. पण कुणाला सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

सोनम आली ती ह्या सर्टिफिकेटमुळंच. कवठे महांकाळजवळच्या एका वाडीतल्या मेंढपाळांच्या घरातली पोरगी, कराडला इंजिनियरिंगला आलेली, आणि पहिल्या वर्षाची केमिस्ट्री अडकून बसलेली. ट्यूशनच्या तिसऱ्याच दिवशी तिनं फ्रेमकडं बोट करून विचारलं, "मॅडम, हे कसलं सर्टिफिकेट?" स्वप्नालीनं सांगितलं. सांगता सांगता दोन तास गेले आणि त्या दिवशीची केमिस्ट्री राहून गेली. शेवटी सोनम म्हणाली, "मला शिकवाल?" तारीख होती तीन डिसेंबर. ती जिना उतरून गेल्यावर स्वप्नालीनं दार लावलं आणि खोलीत एकटीनंच फुगडी घातली. खालून आप्पासो ओरडले, "भूकंप हाय का काय?"

आपल्याला जे येतं ते दुसऱ्याला हवंसं वाटणं, ह्यासारखी नशा नाही. स्वप्नाली वर्षभर त्या नशेत होती. पहिला धडा प्रीतिसंगमावर, दहा मिनिटं गप्प बसून नदी ऐकायची. सोनम पाचव्या मिनिटाला गाढ झोपली. मॅडमनी वहीत लिहिलं, 'एकाग्रता उत्तम.' मग सोनमनं अडकलेला विषय सुटायचा मंत्र मागितला. मॅडमनी मोठ्या गंभीरपणे विधी सांगितला. एक्केचाळीस दिवस रोज एक छोटी मेणबत्ती लावायची आणि ती विझेपर्यंत केमिस्ट्रीची गणितं सोडवायची. विषय सुटला. "मॅडम, विक्कात लय ताकद हाय!" म्हणत सोनमनं पेढे आणले. मॅडमनी पेढा खाल्ला आणि मंत्राचं गुपित पेढ्याबरोबर गिळून टाकलं.

शिष्यानं आपला झाडू आपल्या हातानं बांधायचा असतो, आणि विधीच्या दिवसापर्यंत त्या झाडूचं काय करायचं हे शिष्याला सांगायचं नसतं. स्वप्नालीनं सोनमला पुस्तकातलं चित्र दाखवलं. चित्रात काटक्यांचा झाडू होता, थेट आपल्या खराट्यासारखा. स्वप्नाली मनात म्हणाली, बरंच झालं. खराटा अंगणाचा, त्याची कोण पूजा करतंय! त्यावरून पोरगी बिनघोर उडी मारेल, आणि आपलं राहिलं ते राहिलं, निदान हिचं तरी रीतसर होईल. दिवाळीच्या सुट्टीवरून सोनम कागदात गुंडाळून दोरीनं बांधलेला झाडू घेऊन आली. विधीपर्यंत उघडायचा नाही, असा नियम मॅडमनीच सांगितलेला. तो तसाच कपाटात गेला.

एवढं सुरळीत चाललं असताना माशी शिंकली. सोनमनं मोबाईलवर मेणबत्त्यांचा फोटो ठेवला आणि तो फिरत फिरत वाडीत पोचला. तिच्या आईचा, सुलाबाईचा फोन आला. फोन स्पीकरवर नव्हता, तरी स्वप्नालीला समोर बसून शब्दन् शब्द ऐकू आला.

"तुज्या मास्तरणीनं कसल्या नादाला लावलंय त्ये मी सोता येऊन बगनार हाय. पटलं तर ऱ्हा. न्हाई पटलं तर माज्यासंगं सांगलीला मामाकडं चलायचं. तिथनं कालेज कर. मग कराड इसरायचं आन मास्तरीण बी इसरायची!"

सोनमनं फोन ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, आयेनं एकदा धरलं की सोडत न्हाई. पर तुमी हाय म्हंजे मला काय भ्या न्हाई." पोरीचा हा विश्वास ऐकून स्वप्नालीला रात्रभर झोप लागली नाही. पोरगी गेली तर घर सुनं होईल, एवढंच तिला कळत होतं.

आणि हा गुरुवार उगवला. वर्ष आणि एक दिवस मोजून चार डिसेंबर, आणि तो पडला मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला. घरोघर महालक्ष्मीचे घट मांडलेले, खालच्या गल्लीत दत्तजयंतीचा मांडव. इतके मुहूर्त एकत्र आलेले बघून स्वप्नालीला उगाचच हसू फुटत होतं आणि पायाला भिंगरी लागली होती.

तीन वाजता सुलाबाई आली. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू, खांद्यावर घोंगडं आणि हातात बोचकं. बारा गावचं पाणी प्यायलेली आणि त्या बाराही गावांत मेंढरं चारलेली बाई. तिनं पायरीवर उभं राहून आधी खोली नजरेनं झाडून घेतली, मग आत आली.

"या मावशी, बसा. पाणी घ्या."

"पानी मागनं. आदी मला बगू द्या." तिनं कॉटखाली वाकून बघितलं, शेल्फवरची बरणी उघडून वास घेतला, मेणबत्त्या मोजल्या. "लाईट जाती व्हय हितं?"

"नाही, त्या पूजेच्या आहेत."

"लिंबू कुठाय?"

"लिंबू नाही, मावशी."

"भावली? कोंबडं? काळं कापाड?"

"काहीच नाही हो. आमच्यात कुणाचं वाईट करत नाहीत."

सुलाबाई कॉटवर बसली. तिचा जरा हिरमोड झाल्यासारखा दिसला. "मग एवड्या लांबनं मी आले कशाला?" म्हणाली आणि बोचकं सोडलं. त्यातून बाजरीच्या भाकरी निघाल्या, शेंगदाण्याची चटणी निघाली. तिनं स्वप्नालीला बळंच बसवून खायला घातलं, पण खाऊ घालता घालता बजावलं, "ही भाकरी येगळी आन माजी पोरगी येगळी. पोरीचं सांजच्याला बगू."

साडेपाचला सगळे गच्चीवर गेले. आप्पासो इस्त्रीचा शर्ट घालून प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, एक डोळा शेंगांवर. स्वप्नालीनं मिठाचं रिंगण घातलं. पूर्वेला धूप, दक्षिणेला दिवा, पश्चिमेला कोयनेचं पाणी, उत्तरेला माती. सुलाबाई घोंगडं टाकून रिंगणाबाहेर बसली होती. तिनं मान तिरकी करून विचारलं, "मेंढरं बसवायची हाईत का?"

सोनमला फस्सकन हसू आलं. स्वप्नालीलाही आलं, पण गुरूनं अशा वेळी हसू नये म्हणून तिनं ते खोकल्यात घातलं. "रिंगण आहे, मावशी. ह्याच्या आत आपण सुखरूप, अशी समजूत."

"मग वाडाच की ह्यो. आन दार?"

"ते काय, पूर्वेला मोकळं सोडलंय."

"हां. दार पायजेच. बिनदाराच्या वाड्यात मेंढरू बी जात न्हाई." एवढ्यापुरती ती खूश झाली.

सदाशिवगडाच्या अंगानं चंद्र वर आला, मोठा आणि गुळाच्या ढेपेच्या रंगाचा. स्वप्नालीचा आवाज पहिल्या दोन ओळी थरथरला, मग लागला. चारी दिशांना बोलावून झालं. सोनम दाराबाहेर हात जोडून उभी होती, न्हालेली, ओले केस पाठीवर. तिच्याकडं बघून स्वप्नालीच्या छातीत आनंद मावेना. हिला मी शिकवलं, हिला मी शिकवलं, एवढंच मनात चाललेलं. त्याच भरात तिनं झाडूची दोरी सोडली, कागद उलगडला, आणि तिचे हात तिथंच थांबले.

आत खराटा नव्हता. शिंदीच्या पानांची, घट्ट बांधलेली, देखणी केरसुणी होती. आणि तिच्या मुठीवर हळदीकुंकवाची बोटं वाळून बसली होती.

"काटक्यांच्या झाडूला काय शोभा, मॅडम?" सोनम कौतुकानं म्हणाली. "आमच्या रंगूबाई केरसुण्या बांधत्यात, त्यांच्याकडं चार दिस बसून शिकले."

"आन नवी हाय म्हनून लक्ष्मीपूजनाला हिचीच पूजा केली मी," सुलाबाई बाहेरून म्हणाली. पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळला होता. "बरं झालं पोरी. लक्ष्मी घिऊन आलीस मास्तरणीच्या घरी. बेस्तरवारचं."

करायला गेलो एक नि झालं भलतंच! स्वप्नालीला पुढचं काही सुचेना. न सुचलेलं माणूस पुस्तकाला धरतं, तसं तिनं वहीत जे लिहिलं होतं ते केलं. केरसुणी दोन्ही हातांनी रिंगणाच्या दारात आडवी ठेवली आणि वाचलं, "हिच्यावरून उडी मारून आत ये."

आप्पासो खुर्चीत ताठ झाले. सुलाबाई उठून उभी राहिली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "हे करायला शिकीवलं का वरीसभर?"

सोनमनं एक पाय पुढं केला. तो हवेतच राहिला. तिनं तो खाली घेतला, पुन्हा उचलला, पुन्हा खाली घेतला. मग मॅडमकडं बघितलं. त्या नजरेत सगळं होतं. तुम्ही सांगितलंत तर मी उडी मारीन, आयेला दुखवून मारीन, पण सांगा. आप्पासो हळूच म्हणाले, "खालनं खराटा आनू का?"

स्वप्नालीला कळलं, आता आपण 'मार' म्हटलं तर पोरगी आजच सांगलीला जाते. 'नको मारू' म्हटलं तर विधी मोडला आणि आपण कसल्या गुरू? आणि ह्या सगळ्याच्या तळाशी ती कॉटखाली सरकवलेली केरसुणी होती, जिनं सात वर्षं तोंड उघडलं नव्हतं. जी उडी आपल्याच्यानं झाली नाही, ती हिला मारायला सांगायची? लाज वाटायला हवी, आणि तिला ती वाटलीच, कानशिलं तापेपर्यंत वाटली.

"थांब सोनम," ती म्हणाली. "मी पण नाही मारली."

"काय न्हाई मारली?"

"उडी. माझ्या वेळी. माझा पायच उचलला नाही. मी केरसुणी कॉटखाली सरकवली, तिच्या पाया पडले आणि नुसत्याच फरशीवर उडी मारली. कॅमेऱ्यात कमरेखालचं दिसत नव्हतं. ते खालचं सर्टिफिकेट खोटं आहे. मावशी, तुम्ही पोरीला न्यायचं तर न्या, पण तिनं काही चूक केली नाही. चूक माझी आहे."

खालच्या मांडवात दत्तजन्माची वेळ झाली आणि एकदम घंटा वाजायला लागल्या. तेवढ्यात एक विचित्र आवाज आला, भांड्यात उकळी फुटल्यासारखा. सुलाबाई हसत होती. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग घोंगड्यावर बसकण मारून.

"नुसतीच उडी! आन ती मड्डम तिकडं टाळ्या वाजिवती! अगं आई गं... आवं सुबेदार, आयकलं का?"

"ऐकलं की! हिनं तर फुल डिपार्टमेंटला फसवलंय!" आप्पासोही खुर्चीसकट हलायला लागले. सोनमला हसू आवरेना, आणि स्वप्नाली रडायच्या बेतात होती ती त्या तिघांकडं बघून हसायलाच लागली. चौघंही इतकी हसली की धूप विझला तरी कळलं नाही.

सुलाबाईनं डोळे पुसले आणि उठली. पायातलं पायताण लांब काढून ठेवलं. दाराशी येऊन वाकली, केरसुणी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली.

"लक्ष्मीवरनं उडी मारायला सांगत हुतीस तवा मी पोरीचं बोचकं मनात बांदलं हुतं. आता सोडलं. जिला पाय उचलाय लाज वाटली, ती माज्या पोरीला वंगाळ काय शिकिवनार?" ती स्वप्नालीला आता अगं-तुगं करत होती, आणि ते स्वप्नालीला सर्टिफिकेटपेक्षा गोड लागलं. "आता आयक. सांजचं मेंढरं वाड्यात घेताना आमी दारात काठी आडवी धरतो. खाली न्हाई, वर. एकेक मेंढरू काठीखालनं आत. आत गेलं की त्ये आपलं. आलं का ध्यानात?"

तिनं केरसुणी दोन हातांत आडवी धरून डोक्याच्या वर उचलली आणि दारात उभी राहिली. चंद्र बरोबर तिच्या मागं होता.

"ये गं सोनम."

सोनम वाकली आणि केरसुणीखालून आत आली. आत येताच तिनं मॅडमना मिठी मारली. मिठी अशी की मिठाची रेघ दोन ठिकाणी फिस्कटली.

सुलाबाईनं हात खाली घेतले नाहीत. "आन तू गं? तू कवा यायचीस?"

"मी आतच आहे, मावशी. मी गुरू आहे."

"अजून कुठं आत आलीस? फरशीवर उडी मारलीयास नुसती. जा भाईर आन ये रीतीनं. माजं हात दुकत्यात."

स्वप्नाली रिंगणाबाहेर गेली. खाली घंटा वाजतच होत्या. ती दाराशी आली, त्या हळदीकुंकवाच्या मुठीकडं बघितलं, नमस्कार केला आणि वाकली. एक वर्ष आणि एक दिवस नव्हे, सात वर्षं आणि कितीतरी दिवस ती ह्या दाराबाहेर उभी होती, हे तिला खाली वाकल्यावर समजलं. डोळे भरून आले. आत पाऊल पडताच सुलाबाईनं कनवटीची पिशवी सोडून दोघींवर मूठ मूठ भंडारा उधळला. सगळी गच्ची पिवळी झाली, आप्पासोंचा शर्ट पिवळा झाला, शेंगासुद्धा सुटल्या नाहीत.

"मॅडम," सोनम केसांतला भंडारा झटकत म्हणाली, "म्हंजे आत आदी मी आले. तुमी माज्या मागनं."

"हो."

"म्हंजे मी तुमच्यापेक्षा सीनियर!"

"हो गं बाई, सीनियर!" स्वप्नाली म्हणाली, आणि सगळ्या गच्चीदेखत वाकून आपल्या पहिल्या शिष्येच्या पाया पडली. सोनम किंचाळून मागं सरकली आणि पाण्याच्या तांब्यावर तिचा पाय पडला. सुलाबाई म्हणाली, "ह्या दोगींना एकटं सोडून उपेग न्हाई," आणि त्याच रिंगणात घोंगडं ओढून घेऊन बसली. मग तिनं उरलेल्या भाकरी काढल्या.